रंगबोधक चित्रपुस्तके
रंगबोधक चित्रपुस्तके : वाचनाची नुकतीच सुरुवात करणाऱ्या किंवा वाचनाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांना रंग, रंगांची नावे व त्यांचे परस्परसंबंध यांची ओळख करून देणारी चित्रप्रधान पुस्तके. साधारणपणे दोन ते सात वर्षे वयाची मुले हा त्यांचा वाचकवर्ग होय. रंगीत चित्रे असलेले प्रत्येक बालपुस्तक या प्रकारात मोडत नाही. ज्यात रंग हे सजावटीचे साधन नसून पुस्तकाचा विषयच असतो आणि चित्र व शब्द मिळून तो विषय उलगडतात, असेच पुस्तक येथे अभिप्रेत आहे. पानावर लाल डाग, त्याखाली ‘लाल’ हा शब्द व शेजारी टोमॅटोचे चित्र एवढ्यावर असे पुस्तक सिद्ध होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बालसाहित्यातील अत्यंत अवघड रचनांपैकी ही एक आहे. कारण रंग ही वस्तू नसून वस्तूचा गुण आहे आणि गुणाचे स्वतंत्र चित्र काढता येत नाही.

रंगनामे शिकण्यातील अडचण : रंग दिसणे व रंगाचे नाव कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चार महिन्यांची अर्भकेही लाल, पिवळा, हिरवा व निळा यांच्या छटांचे साधारणपणे प्रौढांप्रमाणेच गट पाडतात, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. तरीही ‘कुत्रा’, ‘दूध’, ‘चेंडू’ हे शब्द सहज उच्चारणारे दोन वर्षांचे मूल रंगनामांत वारंवार चुकते. निळ्या वस्तूला ते ‘लाल’ म्हणते व दुसऱ्याच क्षणी तिला ‘पिवळी’ म्हणते. चार्ल्स डार्विन (१८०९–८२) याला आपल्या मुलांच्या बाबतीत हाच अनुभव आला आणि ती रंगांध असावीत की काय, अशी शंका त्याला आली होती. १८७७ मध्ये त्याने ती नमूद केली. पुढे ती निराधार ठरली.

या अडचणीची कारणे तीन आहेत. पहिले, एखादा नवा शब्द ऐकताच तो समोरच्या संपूर्ण वस्तूचे नाव आहे, असे मूल प्रथम गृहीत धरते. ‘लाल’ हा शब्द चेंडूचा नव्हे, तर चेंडूच्या एका गुणाचा वाचक आहे, हे त्याला अनेक उदाहरणांवरूनच उमगते. दुसरे, रंगांच्या सीमा निसर्गात आखलेल्या नाहीत. केशरी कोठे संपतो व लाल कोठे सुरू होतो, हे भाषा ठरवते. तिसरे, निरनिराळ्या भाषांतील रंगनामांची संख्या सारखी नसते. ब्रेंट बर्लिन व पॉल के या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ मध्ये मूलभूत रंगनामांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्याही भाषेत अशी नामे अधिकात अधिक अकरा असतात व ती भाषेत ठराविक क्रमाने येतात, असे प्रतिपादन त्यांनी केले. त्यांच्या निष्कर्षांना पुढे अनेक मुरडी पडल्या. तथापि रंगनामे ही डोळ्यांइतकीच भाषेचीही निर्मिती आहे, ही जाणीव त्यांच्या कार्यामुळे दृढ झाली.

पूर्वपीठिका : मुलांसाठी चित्र व शब्द यांची जोडी घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न जॉन एमस कोमीनिअस (१५९२–१६७०) याने केला. त्याचा ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस हा ग्रंथ १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन या भाषांत प्रसिद्ध झाला. इंद्रियांना जाणवल्याशिवाय बुद्धीला काही कळत नाही, हे त्याचे सूत्र होते; परंतु त्यातील काष्ठठशांची चित्रे केवळ काळ्या शाईत छापलेली होती. रंग शिकवणे हे त्या काळच्या छापील पुस्तकाच्या आवाक्याबाहेरचे काम होते.

म्हणूनच रंगशिक्षणाची पहिली खरी साधने पुस्तकांऐवजी खेळण्यांच्या रूपाने आली. बालोद्यानाचा प्रवर्तक फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने मुलांना द्यावयाच्या वस्तूंना ‘देणग्या’ असे नाव दिले. त्यांतील पहिली देणगी म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू. त्यांचा आकार, वजन व स्पर्श एकसारखा. भिन्न असे ते फक्त रंग. पुढे मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी हेच तत्त्व रंगपट्ट्यांच्या पेट्यांत अधिक काटेकोरपणे राबवले. पहिल्या पेटीत लाल, पिवळा व निळा या रंगांच्या केवळ तीन जोड्या असतात. मुलाने सारख्या पट्ट्या जुळवावयाच्या आणि मगच त्यांची नावे शिकावयाची. नाव शिकवण्याची त्रिपदी एदूआर सेगँ (१८१२–८०) याच्या पद्धतीवरून घेतलेली आहे : ‘हा लाल’, ‘लाल कोणता ते दाखव’ व ‘हा कोणता?’ यांपैकी तिसरा प्रश्न मुद्दाम शेवटी येतो. कारण शब्द ओळखण्यापेक्षा तो आठवून उच्चारणे अधिक कठीण असते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी ही दृष्टी नूतन बालशिक्षण संघाद्वारे प्रथम भावनगर येथे व पुढे बोर्डी व कोसबाड येथे भारतीय परिस्थितीला अनुरूप करून घेतली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, फुले, माती अशा परिसरातील वस्तूंवर त्यांनी भर दिला.

चेंडू व पट्टी यांना जे साधते, ते पुस्तकाला सहजासहजी साधत नाही. चेंडूंमध्ये रंग तेवढा वेगळा असतो. चित्र मात्र नेहमी कशाचे तरी असते. चित्रपुस्तकाचा सारा इतिहास ही उणीव भरून काढण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

तांत्रिकदृष्ट्या ही वाट रंगीत मुद्रणाने मोकळी केली. गोदफ्र्वा एंगेलमान याने १८३७ मध्ये फ्रान्समध्ये रंगीत शिलामुद्रणाचे एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये एडमंड एव्हान्स (१८२६–१९०५) या मुद्रकाने अनेक काष्ठठशांनी रंग छापून वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॉल्डकॉट व केट ग्रीनअवे यांची बालपुस्तके सिद्ध केली. महाराष्ट्रात १८७८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या चित्रशाळेने रंगीत शिलामुद्रित चित्रे घरोघर पोहोचवली. पण ती मुख्यत्वे देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची होती. विसाव्या शतकात ऑफसेट मुद्रण रूढ झाल्यावरच सलग, निर्मळ रंगांची स्वस्त बालपुस्तके मोठ्या प्रमाणावर निघू लागली.

रंगालाच पात्र करण्याची कल्पना मात्र चित्रकारांकडून आली. एल लिसिट्स्की (१८९०–१९४१) या रशियन चित्रकाराने १९२२ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध केलेल्या दोन चौकोनांच्या गोष्टीत एक लाल व एक काळा चौकोन हेच नायक आहेत. त्या पुस्तकाचा हेतू क्रांतिकारी व राजकीय होता, रंगबोधाचा नव्हता. परंतु नाकडोळे नसलेला निव्वळ रंगीत आकार मुलांच्या पुस्तकात गोष्ट सांगू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

प्रमुख प्रकार : (१) नामदर्शक : प्रत्येक पानावर एक रंग, त्याचे नाव व त्या रंगाच्या वस्तू अशी यांची रचना असते. संख्येने हीच पुस्तके सर्वाधिक असून त्यांतच दोषही अधिक आढळतात. एका रंगासाठी एकच वस्तू दाखवल्यास मूल ‘लाल म्हणजे टोमॅटो’ असे समीकरण शिकते; लाल रंग शिकत नाही.

(२) शृंखलाबद्ध : यांत रंगनामे तालबद्ध, पुनरुक्त वाक्यांत गुंफलेली असतात. बिल मार्टिन (१९१६–२००४) यांचा मजकूर व एरिक कार्ल (१९२९–२०२१) यांची चित्रे असलेले ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी ? (१९६७) हे या प्रकारातील सुप्रसिद्ध पुस्तक होय. प्रत्येक प्राण्याला काय दिसते असे विचारले जाते व उत्तरात पुढील प्राणी आपल्या रंगासह येतो. वाक्याचा साचा कायम राहून केवळ रंग व प्राणी बदलत असल्याने मूल पान उलटण्यापूर्वीच उत्तर सांगू लागते. वाचता येण्याआधीचे हे वाचनच होय. यातील घोडा निळा आहे, ही गोष्टही लक्षणीय आहे. कार्ल जर्मनीत शाळेत असताना नाझी राजवटीने निषिद्ध ठरवलेली आधुनिक चित्रे एका कलाशिक्षकाने त्यांना गुपचूप दाखवली होती. निळे घोडे रंगवणारा फ्रांट्स मार्क (१८८०–१९१६) याचे ऋण कार्ल यांनी २०११ मधील एका पुस्तकात जाहीरपणे मान्य केले. बोधाच्या दृष्टीनेही निळा घोडा उपयुक्त ठरतो; कारण निळा घोडा कोणी पाहिलेला नसल्याने रंगाचे नाव घोड्याला चिकटून बसत नाही.

डोनाल्ड क्रूझ यांचे फ्रेट ट्रेन (१९७८) हे याच प्रकाराचे वेगळे रूप होय. मालगाडीचा प्रत्येक डबा वेगळ्या रंगाचा असून प्रथम ते एकेक करून स्थिर दाखवले आहेत. नंतर गाडी सुटते, वेग घेते आणि रंग एकमेकांत मिसळत पट्ट्यांसारखे धावू लागतात. डब्यांचे प्रकार भिन्न असले, तरी मुलाचे लक्ष रंगांच्या ओळीवरच खिळून राहते.

(३) मिश्रणदर्शक : दोन रंगांतून तिसरा रंग निर्माण होणे ही घटनाच येथे कथानक बनते. मार्गारेट वाइझ ब्राउन यांच्या द कलर किटन्स (१९४९) मधील मांजरीच्या पिलांना हिरवा रंग हवा असतो. तो सापडेपर्यंत इतर मिश्रणे निघत राहतात. लिओ लिओनी (१९१०–९९) यांचे लिटल ब्लू अँड लिटल यलो (१९५९) हे या प्रकारातील श्रेष्ठ पुस्तक मानले जाते. आगगाडीच्या प्रवासात नातवंडांना रमवण्यासाठी मासिकाची रंगीत पाने फाडून त्यांनी ही गोष्ट रचली. कागदाचा निळा कपटा व पिवळा कपटा हे दोन मित्र एकमेकांना कडकडून भेटतात व हिरवे होतात. घरी गेल्यावर आईवडील त्यांना ओळखत नाहीत. रंगमिश्रणाचा धडा येथे ओळख, मैत्री व परकेपणा यांच्या गोष्टीशी एकरूप झाला आहे. एलेन स्टोल वॉल्श यांच्या माउस पेंट (१९८९) मध्ये तीन पांढरे उंदीर लाल, पिवळ्या व निळ्या रंगांच्या थारोळ्यांत नाचतात व पायांखाली नवे रंग तयार होतात.

(४) शब्दरहित : टाना होबन (१९१७–२००६) यांच्या १९७८ मधील छायाचित्र-पुस्तकात एकही वाक्य नाही. रस्त्यावरील नित्याच्या दृश्याखाली त्यात आढळणाऱ्या रंगांची वर्तुळे तेवढी दिली आहेत. खालचे वर्तुळ चित्रात कोठे आहे, हे मुलाने शोधावयाचे असते. वस्तूपासून गुण वेगळा काढण्याचे काम येथे मूल स्वतःच करते.

(५) कृतिप्रधान : कातरलेली, खिडक्या असलेली किंवा आडवी दुभागलेली पाने यांत असतात. लोइस एलर्ट (१९३४–२०२१) यांच्या कलर झू (१९८९) मध्ये पान उलटताच वरचा कातरलेला आकार निघून जातो व खालच्या रंगांतून दुसरा प्राणी प्रकटतो. एर्व्हे तुले या फ्रेंच चित्रकाराच्या २०१४ मधील पुस्तकात मूल रंगांच्या ठिपक्यांवर बोट घासते व पान उलटल्यावर ते मिसळलेले पाहते.

(६) स्पर्शप्रधान : मेनेना कोत्तिन व रोसाना फारिआ यांचे एल लिब्रो नेग्रो दे लोस कोलोरेस (२००६) हे मेक्सिकोत प्रसिद्ध झालेले पुस्तक संपूर्णपणे काळ्या पानांचे आहे. त्यात उठावाची चित्रे व ब्रेल लिपी असून रंगांचे वर्णन चव, गंध, स्पर्श व ध्वनी यांच्याद्वारे केले आहे. दृष्टिहीन मुलाला रंग कसा ‘कळत’ असेल, याचा विचार डोळस मुलाला करावयास लावणारे हे पुस्तक आहे.

रचनेची तत्त्वे : उत्तम रंगबोधक पुस्तकात एकच रंग निरनिराळ्या वस्तूंवर आणि एकच वस्तू निरनिराळ्या रंगांत, अशी दुहेरी योजना आढळते. पहिल्या योजनेने रंग स्थिर राहून वस्तू बदलते, तर दुसरीने वस्तू स्थिर राहून रंग बदलतो. सुरुवातीस परस्परांपासून दूर असलेले थोडेच रंग घेऊन गुलाबी, केशरी, राखाडी यांसारखे जवळचे रंग मागाहून आणणे इष्ट असते. ‘लाल चेंडू’ या शब्दक्रमापेक्षा ‘चेंडू लाल आहे’ असा क्रम लहान मुलांना अधिक सोयीचा जातो, असे इंग्रजी भाषक मुलांवरील काही प्रयोगांत दिसून आले आहे. वस्तूवर लक्ष ठरल्यानंतर गुणाचा शब्द कानी पडतो, हे त्याचे कारण सांगितले जाते. ‘लाल’ हा शब्द लाल शाईत छापावा की काळ्या, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. रंगीत अक्षरे आकर्षक असली, तरी त्यांमुळे मूल शब्द न वाचता शाईवरून उत्तर देते. वाचनाभ्यासासाठी म्हणून काळी अक्षरेच योग्य ठरतात.

मुद्रण : इतर पुस्तकांत रंग थोडा उतरला तरी चालते, येथे मात्र तो मजकुराचाच दोष ठरतो. चाररंगी मुद्रणात पिवळा, हिरवट निळा (सायन), जांभळट लाल (मॅजेंटा) व काळा यांचे बारीक ठिपके एकमेकांवर छापून सर्व रंगांचा भास निर्माण केला जातो. ठसे किंचित सरकले किंवा शाई कमीअधिक झाली, तर एका पानावरील पिवळा दुसऱ्या पानावर केशरी भासू लागतो. शाई शोषून घेणाऱ्या हलक्या कागदावर निळा व जांभळा एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून काही प्रकाशक अशा पुस्तकांसाठी आधीच मिसळलेली सलग शाई वापरतात. लहान मुले पुस्तक तोंडात घालतात, हे ध्यानात घेऊन शिसेयुक्त रंगद्रव्ये टाळणे आवश्यक असते.

मराठीतील विशेष प्रश्न : परभाषेतील रंगबोधक पुस्तक मराठीत आणताना केवळ शब्द बदलून भागत नाही. इंग्रजीत रंगनामाचे रूप कायम राहते. मराठीत काळा, पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा, जांभळा ही विशेषणे विकारी असून लाल, गुलाबी, केशरी, तपकिरी, राखाडी ही अविकारी आहेत. त्यामुळे पिवळा आंबा, पिवळी साडी, पिवळे फूल व पिवळ्या साड्या अशी एकाच रंगाची चार रूपे नवशिक्या वाचकापुढे येतात. ती एकाच पानावर सरमिसळ आल्यास हे चार वेगळे शब्द आहेत, असा त्याचा ग्रह होण्याचा संभव असतो. आरंभी एकाच लिंगाच्या वस्तू घेणे व नंतर रूपबदल हाच खेळाचा विषय करणे, हे दोन मार्ग लेखकापुढे असतात. दुसरा मार्ग अवलंबल्यास रंगाबरोबरच भाषेचे लिंगज्ञानही दृढ होते.

लिपीच्या दृष्टीनेही रंगनामांचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. ‘लाल’ व ‘काळा’ यांत केवळ काना आहे. ‘निळा’, ‘पिवळा’, ‘हिरवा’ यांत वेलांटी येते, तर ‘पांढरा’, ‘तांबडा’, ‘जांभळा’ यांत अनुस्वार. नेहमीच्या रंगनामांच्या मूळ रूपांत जोडाक्षर आढळत नाही, ही नवशिक्या वाचकाची मोठीच सोय आहे. ‘पिवळ्या’, ‘हिरव्या’ या रूपांत मात्र ते अवतरते. म्हणून ही रूपे नंतरच्या पानांवर घेणे श्रेयस्कर होय.

शब्दसंपत्तीच्या बाबतीत मराठी विशेष समृद्ध आहे. जांभळा, डाळिंबी, नारिंगी, लिंबोणी, पोपटी, मोरपंखी, अबोली, राखाडी, विटकरी, शेंदरी, आमसुली अशी अनेक नावे थेट वस्तूंवरून आलेली आहेत. रंगनाम व वस्तू यांचे नाते ज्यात उघड दिसते, असे हे शब्द म्हणजे मराठी चित्रपुस्तकाला लाभलेली आयती सामग्रीच होय. लालभडक, हिरवागार, पिवळाधमक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट, निळाशार या जोडशब्दांत प्रत्येक रंगाला स्वतःचा असा नाद लाभला आहे. भाषांतरित पुस्तकात तो सहसा हरवतो. इंग्रजीतील ‘ऑरेंज’ या एका शब्दासाठी नारिंगी, केशरी, भगवा व शेंदरी यांपैकी कोणता घ्यावा, हे चित्रातील छटेवरून ठरवावे लागते. घरी ‘तांबडा’ ऐकलेल्या मुलाला पुस्तकात ‘लाल’ भेटतो, तेव्हा दोहोंचा मेळ शिक्षकाने घालून द्यावा लागतो. लिची, ब्लूबेरी किंवा बर्फातील लाल पक्षी यांऐवजी जास्वंद, झेंडू, पळस, रावा, एस. टी. चा लाल डबा ही उदाहरणे मराठी मुलाच्या अनुभवाशी अधिक जवळची आहेत.

माणसांच्या वर्णाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने ‘मांसवर्णी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या फिकट खडूचे नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ असे केले. कारण कातडीचा रंग एकच असल्याचे ते नाव सुचवीत होते. कॅरन कॅट्झ यांच्या द कलर्स ऑफ अस (१९९९) मध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कातडीच्या छटांचा शोध घेणारी मुलगी आढळते. मराठीत ‘काळा’, ‘सावळा’, ‘गोरा’ हे शब्द मुलाच्या कानी पडतात ते बहुधा मूल्यनिर्णयासह. चित्रपुस्तकात काळा रंग सदैव अंधार, घाण किंवा राक्षस यांच्याशी जोडला गेला, तर नाव शिकवता शिकवता पूर्वग्रहही शिकवला जातो. काळीभोर माती, पाणी भरलेले ढग, म्हैस, बुक्का यांच्या चित्रांनी हा तोल सावरता येतो.

भारतात नॅशनल बुक ट्रस्ट व चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट (दोहोंची स्थापना १९५७) यांनी अल्पमोली रंगीत बालपुस्तकांचा पाया घातला. पुढे तूलिका, प्रथम बुक्स यांसारख्या संस्थांनी एकच चित्रपुस्तक मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढण्याची प्रथा रूढ केली, तर पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने मराठीत मुळातून रचलेल्या चित्रपुस्तकांना महत्त्वाचे स्थान दिले. बहुभाषी प्रकाशनामुळे किंमत कमी राहते. मात्र वर सांगितलेले व्याकरणाचे व नादाचे प्रश्न प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे सोडवावे लागतात.

उपयोग व मर्यादा : रंगबोधक पुस्तक मुलाने एकट्याने वाचावे, अशी अपेक्षा नसते. मोठ्या माणसाने बोट ठेवावे, थांबावे, विचारावे व मुलाला पुस्तकातील रंग घरातच शोधावयास लावावे, अशी त्याची योजना असते. पुस्तकातील हिरवा व अंगणातील तुळशीचा हिरवा तंतोतंत सारखे नसतात. ‘दोन्ही हिरवेच’ हे मुलाला पटते, तेव्हाच ते नाव त्याचे झालेले असते.

जी मुले वारंवार लाल व हिरवा यांत घोटाळा करतात, त्यांच्या बाबतीत रंगांधत्वाची शक्यता ध्यानात घेतली पाहिजे. उत्तर यूरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचे रंगांधत्व सु. ८ टक्के, तर स्त्रियांत सु. ०·५ टक्के आढळते. इतर अनेक समाजांत हे प्रमाण याहून कमी आहे. अशी मुले टोमॅटो लाल व पान हिरवे, हे पाठ करून पुस्तकाची परीक्षा सहज पार पाडतात आणि त्यांचा दोष शाळेत उशिरापर्यंत लक्षात येत नाही. एका रंगाला एकाच वस्तूशी बांधणारे पुस्तक हा दोष झाकते. निळा घोडा किंवा हिरवी मांजर दाखवणारे पुस्तक तो उघड करू शकते. रंग वस्तूपासून सुटा करून दाखवणे हे या पुस्तकांचे मूळ प्रयोजन, ते असे डोळस मुलांइतकेच रंगांध मुलांच्याही हिताचे ठरते.